शहराच्या ऊर्जाबदलाचे नेतृत्व करणारे अधिकारी कसे घडवावेत: महापालिका आणि नगरपरिषदांसाठी नऊ महिन्यांचा आराखडा

सौरऊर्जा, ई-बस, नेट झिरो (जेवढे कार्बन उत्सर्जन तेवढेच शोषण) या विषयांवरच्या दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळा आपल्याकडे भरपूर होतात. अधिकारी येतात, सादरीकरणे बघतात, प्रमाणपत्र घेऊन परत जातात, आणि शहराच्या वीजबिलात काहीच फरक पडत नाही. यात त्या अधिकाऱ्यांचा दोष आहे असे मला कधीच वाटले नाही. एलईडी म्हणजे काय, हे कनिष्ठ अभियंत्याला सांगावे लागत नाही. त्याचे अडते ते पुढे. शहराचे बिल कुठे फुगते आहे ते आकड्यांत दाखवायचे, लेखा विभागाला पटेल असा हिशेब मांडायचा, महावितरणची मंजुरी मिळवायची, प्रस्ताव मान्यतेपर्यंत न्यायचा आणि नंतर बचत खरोखर झाली का ते मोजायचे, ही कामे त्याला कुणी हाताला धरून शिकवलेली नसतात.

म्हणून या आराखड्यात एक अट सगळ्यांच्या वर आहे: प्रत्येक टीमने आपल्याच शहरातला एक खरा प्रस्ताव मोजणीपासून मंजुरीपर्यंत न्यायचा. बाकीचा अभ्यासक्रम त्या प्रस्तावाभोवती बसवायचा. आयुक्त, मुख्याधिकारी, शहर अभियंता किंवा प्रशिक्षण संस्थेतला समन्वयक, ज्याला हे आपल्याकडे सुरू करायचे आहे त्याच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणे महाराष्ट्रातल्या नागरी संस्थांची आहेत, एक शेजारच्या इंदूरचे.

१. वेळापत्रक अर्थसंकल्पाकडून उलटे मोजा

महापालिकेचे अंदाजपत्रक जानेवारी-फेब्रुवारीत आकार घेते, आणि विभागांकडून मागण्या त्याआधीच जातात. प्रस्ताव मार्चमध्ये तयार झाला तर तो वर्षभर पडून राहतो. म्हणून सुरुवात जूनमध्ये करा. जून-जुलैत बिलांचा अभ्यास, ऑगस्ट-सप्टेंबरात मोजणी, ऑक्टोबरात बाकीचे शहर, नोव्हेंबरात पैशाचा हिशेब. डिसेंबरात प्रस्ताव विभागप्रमुखांच्या टेबलावर हवा. जानेवारी-फेब्रुवारी मान्यता आणि निविदेच्या अटींसाठी ठेवा. महिन्यातून तीन-चार दिवस एकत्र, उरलेले काम आपापल्या जागी, ही विभागणी नोकरी सांभाळून झेपते.

२. एकटा माणूस पाठवू नका

प्रशिक्षणाचे पत्र आले की विद्युत विभागातल्या एकाचे नाव कळवून मोकळे होण्याची रीत आहे. तो कितीही हुशार असला तरी एकटा काही करू शकत नाही. महापालिकेची सगळ्यात जास्त वीज पाणीपुरवठा विभाग वापरतो, बिल लेखा विभाग भरतो, इमारतींना परवानगी नगररचना विभाग देतो आणि बस परिवहन उपक्रमाच्या असतात. म्हणून एका शहरातून पाच जणांची टीम घ्या: विद्युत आणि पाणीपुरवठा विभागांतून प्रत्येकी एक उपअभियंता किंवा कनिष्ठ अभियंता, नगररचनेतला एक, लेखा विभागातला एक, आणि परिवहन उपक्रमातला एक, तो उपक्रम नसेल तर पर्यावरण किंवा आरोग्य विभागातला. छोट्या नगरपरिषदेत इतकी माणसे नसतात. तिथे एक विद्युत किंवा पाणीपुरवठा अभियंता, एक लेखापाल आणि स्वतः मुख्याधिकारी एवढे पुरतात. लहान गावात मुख्याधिकाऱ्याने मनावर घेतले की काम मोठ्या शहरापेक्षा लवकर हलते.

लेखापालाबाबत तडजोड करू नका. 'आमचा काय संबंध' म्हणून ते यायला तयार नसतात. पण प्रस्ताव शेवटी अडतो तो त्यांच्याच टेबलावर, आणि ज्याने स्वतः पंपघरात उभे राहून मोजणी पाहिली आहे तो लेखापाल फाइलवर वेगळा शेरा लिहितो.

निवडताना दोन गोष्टी तपासा. पुढच्या वर्षभरात त्या माणसाची बदली किंवा निवृत्ती आहे का? आणि त्याला आठवड्यातला किमान एक दिवस या कामासाठी मोकळा ठेवता येईल का? तो दिवस आयुक्तांच्या लेखी आदेशात नमूद करून घ्या. तोंडी सांगितलेला दिवस पहिल्याच अतिक्रमण मोहिमेत किंवा निवडणुकीच्या कामात जातो.

३. पहिले सहा आठवडे फक्त वीजबिले

इथे घाई करू नका. पहिल्या दिवशी प्रत्येक टीमला विचारा, 'तुमच्या संस्थेच्या नावावर एकूण किती वीजजोडण्या आहेत?' नेमके उत्तर क्वचितच मिळते. पाणीपुरवठ्याची यादी वेगळी, दिवाबत्तीची वेगळी, शाळा-दवाखाने-उद्याने-समाजमंदिरांची कुठे एकत्र नसतेच. पहिले काम हीच यादी करण्याचे: ग्राहक क्रमांक, जागेचा पत्ता, उच्चदाब की लघुदाब, दरवर्ग, मंजूर भार किंवा करार मागणी (महावितरणशी ठरवलेली कमाल वीजमागणी), आणि मागच्या २४ महिन्यांची युनिट आणि रक्कम. महावितरणच्या संकेतस्थळावरून बिले काढता येतात. पण यादीतली प्रत्येक जोडणी प्रत्यक्ष जागेवर आहे का, हे वायरमनला बरोबर घेऊन तपासावे लागते. बंद पडलेल्या बोअरवेलचे, पाडलेल्या शौचालयाचे, हस्तांतरित झालेल्या सभागृहाचे बिल चालूच असते, असे बऱ्याचदा आढळते.

मग बिल वाचायला शिकवा. स्थिर किंवा मागणी आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क, या प्रत्येक ओळीसमोर 'हे आपल्या हातात आहे का?' असा प्रश्न लिहायला लावा. हातात असलेल्या गोष्टी साधारण चार निघतात.

पहिली करार मागणी. समजा एका मैलाशुद्धीकरण प्रकल्पाची करार मागणी ५०० केव्हीए (वीजमागणी मोजण्याचे एकक) आहे आणि वर्षभरात नोंदलेली सर्वाधिक मागणी ३१० च्या पुढे कधी गेलीच नाही. करार मागणीच्या ठरावीक टक्क्यांवर आकार लागतोच, म्हणजे न वापरलेल्या क्षमतेचे पैसे दरमहा जातात. मागणी कमी करून घेण्याचा अर्ज हा या प्रशिक्षणातला सगळ्यात स्वस्त प्रकल्प आहे. मात्र ती फार खाली आणली आणि एखाद्या महिन्यात राखीव पंपही चालवावा लागला, तर वाढीव मागणीवर दंडाचा दर लागतो. बारा महिन्यांचा आलेख काढल्याशिवाय अर्ज करू द्यायचा नाही.

दुसरी पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा. उच्चदाब ग्राहकांना आता केव्हीएएच युनिटवर, म्हणजे एकूण ओढलेल्या विजेवर, बिल येते. त्यामुळे पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर पॅनेल बिघडले की त्याचा दंड वेगळ्या ओळीत दिसत नाही, तो युनिटमध्येच मिसळून येतो. म्हणून केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष कामाला आलेली वीज) आणि केव्हीएएच यांचे गुणोत्तर दर महिन्याला काढायची सवय लावा.

तिसरी दरवर्ग. सार्वजनिक पाणीपुरवठा, पथदिवे, शासकीय सार्वजनिक सेवा यांचे दरवर्ग वेगवेगळे आहेत. एखादी महापालिकेची शाळा किंवा दवाखाना जुन्या नोंदीमुळे व्यावसायिक दरात राहिलेला असतो. तो शोधायला अभियंता लागत नाही, चिकाटीचा लिपिक पुरतो.

चौथी दिवसाची वेळ. पूर्वी रात्रीच्या विजेवर सवलत असायची, म्हणून टाक्या रात्री भरण्याची पद्धत पडली. आता सौर वीज वाढल्याने सवलत दिवसाच्या उन्हाच्या तासांकडे सरकते आहे आणि संध्याकाळ महाग होते आहे. विद्युत नियामक आयोगाचा चालू दर आदेश उघडून त्यातले तास आणि आपल्या दरवर्गाला ते लागू आहेत का, हे टीमनेच वाचायचे. मग पंप किती वाजता चालवायचे, हा प्रश्न टाक्यांच्या साठवण क्षमतेवर येतो. मोठी टाकी असलेले शहर स्वस्त तासांत पाणी उचलू शकते, टाकी तोकडी असेल तर पर्याय राहत नाही.

सहा आठवड्यांच्या शेवटी प्रत्येक टीमकडे एक तक्ता असतो: शहराच्या बिलाचा निम्म्याहून जास्त भाग कोणत्या पाच-सात जोडण्यांवर जातो. जवळपास नेहमीच वरच्या ओळींवर जॅकवेल (नदी-धरणातून पाणी उचलणारी पंपविहीर) आणि जलशुद्धीकरण केंद्रे असतात.

४. पंपघर: इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

सौर पॅनेल दिसतात, फोटो चांगला येतो, उद्घाटन होते. पंपघर शहराबाहेर नदीकाठी असते आणि तिकडे कोणी फिरकत नाही. तरीही पहिला प्रकल्प पंपघरातूनच निघावा असे माझे ठाम मत आहे. वाया जाणारी वीज थांबवली नाही, तर तीच वीज सौर पॅनेलमधून बनवण्यासाठी उगीच जास्त भांडवल घालावे लागते.

मोजणीसाठी तीन उपकरणे लागतात: पाइपला बाहेरून बसणारा अल्ट्रासॉनिक प्रवाहमापक, पंपाच्या दोन्ही बाजूंना चांगल्या स्थितीतले प्रेशर गेज, आणि मोटरला जाणारी वीज मोजणारा पॉवर अॅनालायझर. उपकरणे विकत घ्यायची गरज नाही. ऊर्जा लेखापरीक्षण करणाऱ्या संस्थांकडे किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयांत ती असतात. अट एवढीच की मोजणी टीमने स्वतः करायची, सल्लागाराने फक्त शेजारी उभे राहायचे.

एक हिशेब इथे पूर्ण मांडतो, कारण सगळ्या प्रशिक्षणाचा कणा तोच आहे. समजा पंप ताशी ५०० घनमीटर पाणी देतो, एकूण हेड (पंपाला पार करावी लागणारी उंची आणि दाब मिळून) ८० मीटर आहे आणि मोटरला २०० किलोवॉट वीज जाते. पाणी उचलायला प्रत्यक्षात लागणारी शक्ती अशी: ५०० गुणिले ८० गुणिले ९.८१, भागिले ३६००. उत्तर १०९ किलोवॉट. म्हणजे पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता १०९ भागिले २००, सुमारे ५४.५ टक्के. योग्य निवडलेला नवा संच ७५ टक्क्यांवर चालला तर त्याच कामाला १४५ किलोवॉट पुरतात. फरक जवळपास ५५ किलोवॉटचा. रोज २० तास पंप चालत असेल तर वर्षाला सुमारे ४ लाख युनिट वाचतात. युनिटमागे ८ रुपये धरले तर ३२ लाख रुपये. देशातल्या ग्रिडच्या विजेमागे युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, त्या हिशेबाने वर्षाला २८० टन उत्सर्जन कमी होते. एका पंपामागे एवढे.

हा हिशेब प्रत्येकाने, लेखापालानेही, आपल्या हाताने कागदावर करायचा. आकडे पुसून दुसऱ्या पंपाचे घालायचे आणि पुन्हा करायचा. एक्सेल शीट नंतर द्या. तयार शीट आधी हातात पडली तर हेडमध्ये काय काय येते, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

त्याबरोबर एक निर्देशांक शिकवा: हजार घनमीटर पाण्यामागे किती युनिट. वरच्या उदाहरणात जुन्या पंपाचे ४०० येतात, नव्याचे २९०. ही संख्या पंपघराच्या भिंतीवर फळ्यावर दरमहा लिहायला लावा. ती वाढू लागली की इम्पेलर (पंपातले पाणी ढकलणारे फिरते चाक) झिजला आहे, व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे किंवा प्रवाहमापक बिघडला आहे, यांतले काहीतरी नक्की झालेले असते.

अर्धवट बंद व्हॉल्व्हची गोष्ट मुद्दाम जागेवर दाखवा. अनेक ठिकाणी गरजेपेक्षा जास्त हेडचा पंप घेतलेला असतो. तो तसाच पूर्ण उघडा चालवला तर मोटर जादा करंट घेऊन ट्रिप होते. म्हणून ऑपरेटर डिलिव्हरी व्हॉल्व्ह आवळून ठेवतो. त्याच्या बाजूने ते बरोबरच असते, त्याला पाणी बंद पडू द्यायचे नसते. व्हॉल्व्हच्या आधीचे आणि नंतरचे गेज शेजारी शेजारी वाचले की दोन्हींतला फरक दिसतो. तो सगळा दाब विजेचे पैसे देऊन तयार केलेला आणि तिथल्या तिथे जिरवलेला असतो. यावर उपाय नेहमीच नवा पंप नसतो. कधी इम्पेलर कापून लहान करून भागते, कधी मागणी बदलती असेल तर व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) बसवता येतो.

मोजणी ऑगस्ट-सप्टेंबरात होते तेव्हा नदीची पातळी वर असते, त्यामुळे पाणी उचलण्याची उंची कमी भरते. उन्हाळ्यात तोच पंप वेगळ्या बिंदूवर चालतो. म्हणून अंतिम पंप निवडण्याआधी जुन्या लॉगबुकमधल्या एप्रिल-मेच्या नोंदी काढा आणि जमल्यास पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मोजा. फक्त पावसाळ्यातल्या आकड्यांवर पंप घेतला तर शहराला मे महिन्यात पाणी कमी पडेल.

गळतीही याच धड्यात घ्या. वितरणात जे पाणी वाया जाते त्याच्यासोबत ते उचलायला लागलेली वीजही जाते. पाणीपुरवठा विभागाच्या माणसाला ऊर्जेच्या विषयात आपली जागा सापडते ती बहुतेक इथेच.

५. पथदिवे, छपरे आणि बस डेपो

पथदिव्यांचे काम बऱ्याच शहरांत होऊन गेले आहे. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून ईईएसएल या सरकारी ऊर्जा सेवा कंपनीने देशभरात एक कोटीहून जास्त एलईडी पथदिवे लावले. आता शिकवायचे ते देखभालीचे आणि मोजणीचे. दिवे बदलण्याआधी किती वॉटचे किती दिवे प्रत्यक्ष जळत होते, याची नोंद दोन्ही बाजूंच्या सहीने झालेली नसेल तर बचतीवरून ठेकेदाराशी वाद ठरलेला. रस्त्यावर उजेड मोजणारा लक्समीटर घेऊन एक रात्र टीमला फिरवा. वीज वाचली पण रस्ता अंधारला, असे झाले असेल तर ती बचत मानायची नाही.

छतावरच्या सौर प्रकल्पासाठी ढोबळ आकडे पुरतात: एक किलोवॉटला सुमारे १० चौरस मीटर सावलीविरहित जागा, आणि आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट. खरे प्रश्न वेगळे आहेत. छत गळते का? पुढच्या २५ वर्षांत त्या इमारतीवर मजला चढणार आहे का? आणि पॅनेल कोण धुणार? शाळेच्या छतावर नळच नसेल तर शिपाई बादल्या घेऊन वर जाणार नाही. पाण्याचा पाइप, चढायला सुरक्षित जिना आणि धुण्याचे वेळापत्रक या तिन्ही गोष्टी अंदाजपत्रकातच धरायला शिकवा.

ई-बसच्या बाबतीत पुण्यात पीएमपीएमएल या शहर बससेवेने २०१९ च्या फेब्रुवारीपासून अनुभव घेतला आहे. केंद्राच्या ऑगस्ट २०२३ मधल्या पीएम ई-बस सेवा योजनेत देशभरात १०,००० बस ठरल्या आहेत. टीमला शिकायचे ते डेपोच्या विजेचे. सगळ्या बस संध्याकाळी परत आल्या आणि एकदम चार्जिंगला लागल्या तर मागणी शिखरावर जाते, तीही नेमकी महाग तासांत. बसचे वेळापत्रक आणि चार्जिंगचे वेळापत्रक एकाच तक्त्यावर मांडायचा सराव द्या. उच्चदाब जोडणीला आणि उपकेंद्राच्या कामाला लागणारा काळ बस येण्याच्या तारखेतून वजा करायला विसरू नका.

६. महापालिकेच्या बिलाबाहेरचे शहर

मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला आणि त्यात २०५० पर्यंत नेट झिरोचे उद्दिष्ट आहे, म्हणजे देशाच्या २०७० च्या उद्दिष्टाआधी वीस वर्षे. २०१९ च्या मोजणीप्रमाणे मुंबईच्या उत्सर्जनातला सत्तर टक्क्यांहून जास्त भाग ऊर्जावापरातून येतो. त्यात महापालिकेच्या स्वतःच्या बिलाचा वाटा लहान आहे. मोठा वाटा घरे, दुकाने, कार्यालये यांचा. इथे महापालिकेच्या हातात जे अधिकार आहेत त्यांत बांधकाम परवानगी सगळ्यात मोठी, आणि म्हणून टीममध्ये नगररचनाकार हवा.

डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत सौर पाणीतापक किंवा छतावरचा सौर वीज प्रकल्प, पावसाचे पाणी साठवणे अशा तरतुदी ठरावीक इमारतींना बंधनकारक आहेत. ज्यांचा जोडलेला भार १०० किलोवॉट किंवा त्याहून जास्त आहे अशा व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आहे. टीमला दहा जुने भोगवटा दाखले काढायला लावा आणि त्या इमारतींवर जाऊन नकाशातला सौर प्रकल्प खरोखर बसला आहे का, बसला असेल तर चालू आहे का, हे पाहायला सांगा. परवानगीच्या वेळची कागदी पूर्तता आणि छतावरची स्थिती यांतले अंतर त्यांना स्वतःला दिसले की तपासणीची पद्धत बदलण्याचा प्रस्ताव तेच मांडतात.

गृहनिर्माण सोसायट्यांसाठी पीएम सूर्यघर योजनेची माहिती प्रभाग कार्यालयात एका खिडकीवर मिळावी. घरगुती ग्राहकाला ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पाला ७८,००० रुपये अनुदान आहे. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी, किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात. सोसायट्यांच्या सभेत जाऊन दहा मिनिटांत हे समजावून सांगणे हाही प्रशिक्षणाचा भाग धरा. मराठीत, विनातक्ता, प्रश्नांना उत्तरे देत. अभियंत्यांना हेच सगळ्यात जड जाते.

राज्याचे 'माझी वसुंधरा' अभियान २ ऑक्टोबर २०२० पासून चालू आहे आणि त्यातल्या पंचतत्त्वांपैकी 'अग्नी' म्हणजे ऊर्जा. बहुतेक शहरांत हे काम आधीच कुणाकडे तरी सोपवलेले असते. त्या माणसाला टीममध्ये ओढा, वेगळी समांतर रचना उभी करू नका.

७. पैसा कुठून आणायचा

लेखापालाने इथे पुढे बसायचे. तीन मार्ग शिकवा: स्वतःचे भांडवल घालणे; ठेकेदाराने भांडवल घालून बचतीतून किंवा युनिटच्या दरातून वसूल करणे; आणि कर्ज किंवा रोखे.

स्वतःचे भांडवल घालताना सगळ्यात कमी दराची निविदा घेण्याची सवय पंपाच्या बाबतीत महाग पडते. वरच्या उदाहरणातला जुना पंप वर्षाला १४ लाख ६० हजार युनिट, म्हणजे सुमारे १ कोटी १७ लाख रुपयांची वीज खातो. नव्या संचाची किंमत याच्या तुलनेत थोडी असते. ७५ ऐवजी ७६ टक्के कार्यक्षमतेचा संच घेतला तर वर्षाला १४,००० युनिट, म्हणजे लाखाहून जास्त रुपये वाचतात, आणि पंप पंधरा वर्षे चालतो. म्हणून निविदेत खरेदी किमतीत पुढच्या काही वर्षांच्या विजेचा खर्च मिळवून तुलना करायची अट घाला, आणि हमी दिलेली कार्यक्षमता चाचणीत भरली नाही तर किती वजावट, तेही लिहा. लेखापालाला हा हिशेब पटला की पुढच्या लेखापरीक्षणातल्या आक्षेपाचे उत्तर तोच तयार करतो.

ठेकेदाराच्या भांडवलाचा मार्ग पैसे नसलेल्या नगरपरिषदेला बरा. पण त्यात दरमहा वेळेवर पैसे देण्याची हमी लागते. स्वतंत्र बँक खाते आणि त्यात वीजबिलाच्या तरतुदीतून आपोआप वळती होणारी रक्कम, एवढी व्यवस्था केली तर चांगले ठेकेदार निविदा भरतात.

रोख्यांसाठी इंदूरचे उदाहरण सविस्तर अभ्यासायला द्या. नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर पार करून, घाट चढवून शहरात आणावे लागते, आणि त्या विजेचे बिल महिन्याला कोट्यवधींत जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे जनतेसाठी काढले, ते जलूदलाच ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी. शहराने आपला सगळ्यात मोठा वीजखर्च नेमका ओळखला आणि कर्ज त्यालाच जोडले, हे त्यातले शिकण्यासारखे. आपल्याकडे पुण्याने जून २०१७ मध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले होते. मात्र रोख्यांआधी पतमानांकन लागते, त्यासाठी हिशेबपुस्तके स्वच्छ लागतात. हे काम वर्ष-दीड वर्ष आधी सुरू करावे लागते. ज्या शहराची हिशेबपुस्तके अद्ययावत नाहीत तिथल्या टीमने रोख्यांचे स्वप्न बाजूला ठेवून पहिल्या दोन मार्गांवरच लक्ष द्यावे.

शहराबाहेरच्या सौर प्रकल्पातून वीज आणायची असेल तर २०२२ च्या हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांनी त्यासाठी लागणाऱ्या किमान भाराची मर्यादा १०० किलोवॉटवर आणली आहे. वहन आकार, अधिभार धरून पडणारा दर काढल्याशिवाय मात्र निर्णय घेऊ नये.

८. फाइल

डिसेंबरात टीमने प्रस्ताव लिहायचा. टिपणी तीन पानांची असावी: आजची स्थिती मोजलेल्या आकड्यांसह, पर्याय, खर्च, बचत, परतफेडीचा काळ, जोखीम, आणि नेमकी कोणती मान्यता हवी. सौरऊर्जेचे जागतिक महत्त्व सांगणारे पहिले पान काढून टाका. प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून आला ते लिहा: 'अमुक ग्राहक क्रमांकाची २४ बिले', 'अमुक तारखेची मोजणी, उपस्थित अमुक'.

प्रस्ताव सहीला पाठवण्याआधी एक बैठक घ्या आणि त्यात टीमपुढे लेखाधिकारी, लेखापरीक्षक, महावितरणचा कार्यकारी अभियंता आणि शक्य असल्यास एक नगरसेवक बसवा. त्यांनी वाटेल ते प्रश्न विचारावेत. फाइलवर जे शेरे दोन महिन्यांनी आले असते ते इथे दोन तासांत येतात. महावितरणच्या अधिकाऱ्याला तर पहिल्या महिन्यापासून बोलवा. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर), भार मंजुरी, करार मागणीतला बदल ही सगळी कामे त्यांच्याच कार्यालयातून जाणार आहेत.

बचत कशी मोजायची, हे निविदेच्या अटींत आधीच यायला हवे. पंपासाठी हजार घनमीटरमागचे युनिट, दिव्यांसाठी फीडरचे मीटर, सौरसाठी निर्मितीचे मीटर. काम झाल्यावर मोजणीची पद्धत ठरवायला बसले की ठेकेदार आणि विभाग दोघेही आपापल्या सोयीची पद्धत मागतात.

९. पंप ऑपरेटर आणि वायरमन

नेतृत्व करणाऱ्यांचे प्रशिक्षण म्हणून फक्त अधिकाऱ्यांकडे पाहणे मला मान्य नाही. पंप चोवीस तास ज्याच्या हातात आहे तो ऑपरेटर, बऱ्याच ठिकाणी कंत्राटी, त्याला कोणी काही शिकवलेले नसते. टीममधल्या अभियंत्यांनी जे शिकले ते पंपघरातच उभे राहून ऑपरेटरना शिकवायचे, ही त्यांची परीक्षाच समजा. गेज कसे वाचायचे, दोन पंप एकत्र चालवल्यावर प्रवाह दुप्पट का होत नाही, लॉगबुकमध्ये रोज तोच आकडा उतरवला तर काय नुकसान होते. ऑपरेटरना त्यांच्या अनुभवाविषयी विचारा. कोणता पंप 'जड' चालतो, हे त्यांना आवाजावरून कळते, आणि मोजणीत बहुतेक तोच पंप खराब निघतो.

सौर छतावर चढणाऱ्या वायरमनला डीसी विजेच्या धोक्याचे आणि उंचीवरच्या कामाचे वेगळे प्रशिक्षण द्या. ऊन असेपर्यंत पॅनेल बंद करता येत नाहीत, हे त्याला पहिल्याच दिवशी कळायला हवे. हार्नेस विकत घेऊन कपाटात ठेवलेले चालणार नाहीत.

१०. परीक्षा, प्रमाणपत्र आणि बदली

टीममधल्या दोघांना तरी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या राष्ट्रीय परीक्षेला बसवा. ऊर्जा व्यवस्थापकासाठी तीन पेपर असतात, ऊर्जा लेखापरीक्षकासाठी चार. परीक्षेचे शुल्क संस्थेने भरावे आणि उत्तीर्ण झाल्यावर सेवापुस्तकात नोंद व्हावी. सेवापुस्तकातली नोंद बदलीनंतरही माणसाबरोबर जाते. राज्याची ऊर्जा विकास संस्था महाऊर्जा, पुण्यातली प्रशासकीय प्रशिक्षण संस्था यशदा आणि १९२६ पासून नागरी संस्थांच्या कर्मचाऱ्यांना शिकवणारी अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था यांच्याकडून तज्ज्ञ आणि वर्गांची मदत घ्या, पण मार्गदर्शक म्हणून एक निवृत्त विद्युत किंवा पाणीपुरवठा अभियंताही जोडा. फाइल कुठे अडेल हे त्याला आधी कळते.

आमच्या कार्यक्रमाचे प्रमाणपत्र मात्र टीमला दोन गोष्टी झाल्यावरच द्यावे: प्रशासकीय मान्यता मिळालेला एक प्रस्ताव, आणि पैसे न लागणाऱ्या एका सुधारणेची, उदाहरणार्थ करार मागणी किंवा दरवर्ग बदलाची, तीन महिन्यांच्या बिलांत दिसणारी बचत. उपस्थितीवर काही देऊ नये.

बदली होणारच हे धरून चाला. जोडण्यांची यादी, मोजणीचे तक्ते, करार, मीटरचे पासवर्ड, महावितरणशी झालेला पत्रव्यवहार हे सगळे एका वैयक्तिक लॅपटॉपवर न ठेवता विभागाच्या सामाईक फोल्डरमध्ये आणि एका छापील फाइलमध्ये ठेवा. कार्यभार हस्तांतराच्या यादीत त्या फाइलचा क्रमांक लिहा. नवीन अधिकारी रुजू झाला की पहिल्या पंधरवड्यात जुन्या टीममधल्या एकाने त्याला वरच्या पाच जोडण्यांवर घेऊन जायचे, आणि पुढच्या जूनच्या तुकडीत त्याचे नाव घालायचे.